पहाटेची फेरी

आईची खाट रिकामी होती. गोधडीही नव्हती.

भूपेंद्रने मोरीत पाहिलं, मागच्या अंगणात जाऊन हाका मारल्या. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. त्याच्या बायकोला, कामिनीला वाटलं, नणंदेला फोन लावतोय. पण पडद्यावर बागेतल्या तापमानाचा आकडा होता.

"आई घरात नाहीत, अन् तुम्ही केळीचा ताप पाहताय?"

"सवय," तो म्हणाला आणि ओशाळला. तेवढ्यात त्याच्या अंगठ्याने विहिरीची मोटरही चालू करून टाकली होती.

सावद्यात थंडी पडली की भूपेंद्रचा भाव वधारायचा. पारा उतरला की केळीवर चरका येतो. पानं पिवळी पडतात, घड वाढत नाहीत. याच्याकडे सगळ्यावर उपाय. उत्तरेच्या वाऱ्याला हिरवी जाळी. घडांना पांढऱ्या पिशव्या. पहाटे बांधावर ओल्या पाल्याचा धूर, आणि मुळाशी विहिरीचं कोमट पाणी. रोज पहाटे तो आईच्या दारावरूनच बागेत जायचा आणि ओळीओळीने फिरून झाडांना हात लावून पाहायचा. आज तिचं दार सताड उघडं दिसलं, म्हणून थांबला एवढंच.

शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्याचं भाषण ठरलेलं असे. "ऊब तयार करायला अक्कल लागत नाही मंडळी, राखायला लागते!" टाळ्या पडत. त्या टाळ्यांची ऊब त्याला चार दिवस पुरायची.

या अक्कलवंताच्या घरात आईच्या खिडकीची काच दिवाळीत फुटली होती. तिथे त्याने केळीच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला होता. 'उद्या बसवतो' हे त्याचं वाक्य पुठ्ठ्यापेक्षा मजबूत निघालं. वीज वाचावी म्हणून गिझरच्या बटणावर चिकटपट्टी मारली होती. काल संध्याकाळी आईने हीटर मागितला, तर त्याने तिलाही मेळाव्यातलं भाषण ऐकवलं. वर सांगितलं, "दार लावून बस, पायमोजे घाल. ऊब अंगातच असते, आई."

शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. टाळ्या वाजवल्या नाहीत. "मंग मी जाते जामनेरले, रूपाकडे," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी खिडक्यायले काचा हायेत."

भूपेंद्र हसला होता. दर हिवाळ्यात म्हणते, जात कधी नाही. आता रिकाम्या खाटेसमोर त्याला त्या हसण्याची लाज वाटली. सत्तरी उलटलेली बाई, छातीत कफ, आणि बाहेर हाडं गोठवणारी हवा.

त्याने बहिणीला, रूपाला फोन लावला.

"नाही रे दादा, इथे नाही आली. भांडण झालं का?"

"भांडण नाही गं. भाषण झालं."

तो मोटारसायकल घेऊन स्टँडवर गेला. पहिली गाडी अजून लागायची होती. बाकावर दोन माणसं कानाला मफलर गुंडाळून बसली होती. त्यातलं एक त्याला ओळखून म्हणालं, "भूपेंद्रभाऊ, आज पारा किती?" आयुष्यात पहिल्यांदा पारा न सांगता त्याने मोटारसायकल वळवली.

तो घाबरला होता. कोणत्या ओळीतलं कोणतं झाड मागे पडलंय, हे त्याला तोंडपाठ होतं. आई घरातून निघाली तर कुठे जाते, हे मात्र ठाऊक नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. तो स्वतःलाच शिव्या देत निघाला आणि गाडी आपोआप बागेच्या रस्त्याला लागली. 'वा रे पुत्रा,' तो पुटपुटला, 'माय हरवली, अन् तू निघालास केळी पाहायला.'

लांबूनच बांधावर धूर दिसला. आज तर त्याने ढीग पेटवलेच नव्हते. तो धावत सुटला.

पहिल्या ओळीत, दोन झाडांच्या मधोमध शेवंताबाई बसल्या होत्या. वाऱ्याकडे हिरवी जाळी होती, पाठीशी धुमसता ढीग. अंगावर गोधडी होती आणि डोक्यावरून कानांपर्यंत घडाची पांढरी पिशवी ओढलेली. विहिरीचं पाणी पाइपातून वाफाळत येत होतं आणि त्यांचे पाय त्यात होते. मेळाव्यातले सगळे उपाय त्यांनी एकाच वेळी केले होते.

भूपेंद्रला हसूही आलं आणि रडूही. तो तिथेच चिखलात बसला.

"आई, सगळं गाव पालथं घातलं मी! जामनेरला जाते म्हणाली होतीस ना?"

"निंगाली व्हती." त्यांनी पाय पाण्यात हलवले. "मंग पाय इकडेच वयले. तू आला नव्हता, म्हून ढीग बी मीच पेटवले. केयी काकडली असती ना, बापा."

"चल घरी. काच आजच बसवतो. गिझरची पट्टी काढतो, हीटर आणतो." आज त्याच्याकडे भाषण नव्हतं.

"आनजो. पन मी उबीसाठी नाही आली अठी."

"मग?"

शेवंताबाईंनी पिशवी जरा वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं.

"तू रोज सकायी येतो, एकेका झाडाले हात लावून पाहतो. म्हनलं, ओयीत बसली तं माह्या बी अंगाले हात लागीन."