बिलगलेलं पाणी

"पडदा शेवटपर्यंत धडधाकट दिसतो, रोमिना. दिसण्यावर जाऊ नकोस," प्रयोगशाळेच्या प्रमुख ओफेलियाबाईंनी एकदा बजावलं होतं. पेशी सुकू लागली की तिच्या पडद्याभोवतीचं सैल पाणी आधी उडून जातं. पडद्यातल्या मेदाला घट्ट बिलगलेले पाण्याचे थोडेच रेणू मागे उरतात. तेही सुटू लागले की पडदा एकाएकी फाटतो.

रोमिनाने हसून मान डोलावली होती. हे तर तिला तोंडपाठ होतं.

आज मात्र यंत्रावरच्या रेषेत तिचा जीव नव्हता. जानेवारीचं, तिथल्या ऐन उन्हाळ्याचं ऊन सांतियागो देल एस्तेरो शहराला भाजून काढत होतं आणि घरी दहा महिन्यांच्या सिमोनला कालपासून जुलाब. निघताना तिने सासूबाईंना, एर्मिन्दाबाईंना, दोनदा सांगितलं होतं, साखरमिठाचं पाणी घोटघोट पाजत राहा, आणि त्याच्यावरून क्षणभरही नजर हलवू नका.

ती सारखी फोन करत होती. एर्मिन्दाबाईंचं उत्तर ठरलेलं: पितोय, खेळतोय, लंगोट ओला आहे. शेवटी त्या वैतागल्या.

"मी आपली येर्बाच्या पानांच्या चहाचा भोपळ्याचा पेला हातात धरून त्याच्यासमोरच बसलेय. तू आई आहेस की पोलीस?"

तरी तिला राहवेना. काम अर्धवट टाकून ती भर दुपारी ओस रस्त्यांवरून घरी धावली.

अंगणातल्या झाडाखाली सिमोन चमच्याने ताटली बडवत होता. अंगातलं पाणी कमी झालंय का हे बघायला तिने त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. झटकन सपाट. जीभ ओली. ती तिथेच फरशीवर बसली आणि त्याचे पापे घेत सुटली.

"बघ, तुझा लेक तुला परत दिला," एर्मिन्दाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती.

त्यांना चहा करून द्यावा म्हणून रोमिनाने त्यांच्या हातातला भोपळा घेतला. आतली येर्बाची पानं कोरडी भुरभुरीत होती. चहाच्या गरम पाण्याचा थर्मास सकाळी भरला होता तसाच जड.

तिने सासूबाईंच्या गळ्याखालची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. घडी तशीच उभी राहिली.

सिमोनची साखरमिठाच्या पाण्याची वाटी तिने त्यांच्या ओठांना लावली. एक घोट, मग आणखी एक. फोनवर डॉक्टर म्हणाले, वेळेत लक्षात आलं, लगेच घेऊन या. रोमिनाने वाटी पुन्हा त्यांच्या ओठांशी नेली.

"पण दिवसभर पाणी का नाही प्यायलात?"

एर्मिन्दाबाई ओशाळल्या.

"प्यायलं की उठून आत जावं लागतं, पोरी. आणि तू म्हणाली होतीस, क्षणभरही नजर हलवू नका."