दादाचा उंच पलंग

आई आता दादाकडे राहायला जाणार होती. घरात तिची सोय व्हावी म्हणून दादाने प्लायवूडचा उंच पलंग स्वतःच बनवायला घेतला. सुतार म्हणजे लुटारू, असं त्याचं ठाम मत. खिळा ठोकताना अंगठा ठेचून घेणारा हा माणूस, पण ऐट अशी की जणू नदीवर पूल बांधतोय! खर्च कमी करायला दर रविवारी तो नवीन आकृती काढायचा आणि प्रत्येक आकृतीतून काहीतरी गळायचं. आधी कठडा गेला, मग पायऱ्या जाऊन नुसती शिडी उरली, शेवटी प्लायसुद्धा जाड होता तो पातळ झाला.

आई मात्र हरखून गेली होती. वर्षभरात ज्याने एकदाही स्वतःहून फोन केला नव्हता, तो आता दर रविवारी फोन करून तिचं वजन विचारायचा.

"किती काळजी करतो गं माझी! सत्तेचाळीस सांगितलं, तर म्हणाला, आता वाढू देऊ नकोस. माझ्या गुडघ्यांसाठीच म्हणाला असणार."

काल मी पलंग बघायला गेले. पलंगाखाली दादाची टेबल-खुर्ची आधीच थाटलेली होती. डुगडुगणारी शिडी धरून मी विचारलं, "दादा, यावर चढून झोपणार कोण?"

 

"आई. पन्नास किलोच्या आत घरात दुसरं आहे कोण?"