तांडेलाचा होकार

मालवणच्या पोस्टात म्हाताऱ्या तांडेलाने आयुष्यात पहिल्यांदा टेलिफोन कानाला लावला. भांडून मुंबईला गेलेला मुलगा चार वर्षांनी बोलत होता. खरखरीतून आवाज आला, "बाबा, आज माझी बोट आफ्रिकेक सुटता. तुमी होय म्हणाल तर घराक येतंय." समुद्रात वाऱ्यापुढे शब्द टिकत नाहीत, म्हणून होडीवर तांडेलाने उभा जन्म खलाशांना मानेनेच होकार दिला होता. आताही त्याने मान हलवली. "बाबा, कायतरी बोला!" त्याने डोळे पुसत जोरजोरात हलवली. शेवटी मुलगा म्हणाला, "बरां, समाजला माका," आणि फोन ठेवला. बाकावर बसलेल्या बायकोला तांडेल हसून म्हणाला, "येतलो गो!" "तुमी काय सांगितल्यात तेका?" "सांगूक कित्या होया? मान हलयलंय." पोस्टमास्तरांचा उचललेला शिक्का हातातच राहिला. तांडेल बाजारातून गोड खाजं आणायला निघाला. पोराला फार आवडायचं.