पूजा होईपर्यंत

"कुणाफुडं हात पसरायची पाळी येऊ देऊ नको बघ. तुझं तू ठेव."

शांतव्वाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की सासूचे हे शब्द शिवांजलीच्या कानाशी येत. बत्तीस वर्षं शांतव्वानं म्हशी धुतल्या, धारा काढल्या. दूधसंस्थेतलं खातं मात्र सासऱ्यांच्या नावावर. दिवाळीला दुधाच्या दरफरकाची रक्कम त्यांच्या खिशात जाई, आणि शांतव्वा चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळून दिवस काढी. शेवटच्या दुखण्यात तिनं सुनेकडून शब्द घेतला होता.

पूजा होईपर्यंत शिवांजली बोलत नसे. माहेरापासूनचं व्रत. घरातल्यांनीही ते आपल्या सोयीनं सांभाळलं होतं. अवघड विषय निघे तो नेमका त्याच अर्ध्या तासात. तिच्या बांगड्या मोडून घरच्या दुकानात फर्निचर करायचं ठरलं, तेही असंच. ती काही बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही.

आज विषय टेम्पोचा होता. नवरा शिवप्रसाद आणि धाकटा दीर शिवमूर्ती चहा पीत बसले होते. शिवांजली सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्या पगारातले पाच हजार दरमहा हप्त्याला लावायचे, असं चाललं होतं. तेवढ्यात टीव्हीखाली ठेवलेला तिचा अर्ज शिवमूर्तीच्या हाती लागला. पेन्शनच्या खात्यात दरमहा पाच हजार आपणहून जादा भरण्याचा.

"रिटायर होईस्तोवर सहजी हात लावता येत न्हाय म्हणं. अडकून पडतील की पैसे, दादा."

सरकार कापतंय तेवढं बास झालं, शिवप्रसाद म्हणाला. दोन पोरं असताना हिला म्हातारपणाची कसली काळजी? त्यानं एकदा देवघराकडं पाहिलं आणि अर्जावर चहाचा कप ठेवला. ठरलं.

शिवांजलीनं घाई केली नाही. बेलाचं पान रोजच्याइतकंच सावकाश वाहिलं. लिंग गळ्यात घातलं आणि बाहेर आली.

"झालं तुमचं ठरवून?" आवाज नेहमीसारखाच हळू. "अडकून पडतात, म्हणूनच तिथं ठेवायचेत. माझे मोकळे पैसे या घरात सकाळी साडेसहाला संपतात. मी पूजेत असते तेव्हा."

शिवमूर्ती हसला. "दादावर विश्वास न्हाय व्हय, वैनी?"

"हाय की. अव्वांचा मामंजींवर होता, तेवढाच."

तिनं कप उचलून बाजूला ठेवला. सहीच्या जागेवर चहाचं ओलं कडं उमटलं होतं. पदरानं टिपून तिनं त्या कड्याच्या आतच सही केली, अर्ज पिशवीत घातला आणि चपला पायांत सरकवल्या.

"अगं, थांब. ऐक तरी," मागून शिवप्रसाद म्हणाला.

ती जिना उतरत होती. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडेपर्यंत आज पुन्हा बोलायचं नाही, असं तिनं पहिल्याच पायरीवर ठरवलं होतं.