बाहत्तरवाला

"तुझा बाहत्तरवाला औंदा जातोय बघ, कृष्णात," लालासाहेब म्हणाला.

कृष्णात कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसला होता. त्याची चोवीस वर्षांची लेक शिवांजली शेजारी माऊस धरून बसली होती.

कुपवाडातलं लेथचं वर्कशॉप दोघांच्या भागीतलं. पलटणीत एका बराकीत झोपलेले हे दोन गडी, पण वर्षापूर्वी असे काही भांडले की कृष्णातनं वर्कशॉपात पाऊल टाकायचंच सोडलं. कोर्टात गेलं असतं तर उरलेला जन्म तारखांतच गेला असता. शेवटी फोरमन केरबानं तोड काढली. बिलांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर लढाईचा गेम होता. लय लढाया सांगता ना, मग त्यात लढा. हरेल त्यानं भागी सोडायची.

आधी शिवांजलीच पुढं आली होती. "आबांच्या जागी मी खेळते, काका."

"पोरीबाळींशी लढत न्हाई मी," लालासाहेबानं तिला उडवून लावलं. "बापाला आणून बसव समोर. न्हाईतर आत्ताच भागी सोडा."

तेव्हापासून ती बापाला स्कूटरवरून आणायची अन् खुर्चीत बसवायची; डाव बापाचा, माऊस तेवढा तिच्या हातात.

गेम चीनच्या जुन्या राजांचा. सरदारांची नावं कुणाच्या जिभेला वळेनात, म्हणून ज्याला त्याला वयावरून ओळखायचं. गेममधलं वर्ष फिरलं की म्हाताऱ्या सरदारांतला एखादा आपोआप मरायचा. अन् कृष्णातनं खिंडीतल्या किल्ल्यावर नेमला कोण, तर सगळ्यात म्हातारा, बाहत्तर वर्षांचा. लालासाहेबाला हसू आवरेना. त्यानं राजधानी मोकळी टाकली आणि झाडून सगळी फौज त्या किल्ल्याभोवती बसवली. लढायचं कशाला? म्हातारा मरेल, किल्ला पडेल.

एकाची पाळी असली की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. पार्टिशनपलीकडून लालासाहेबाला ऐकू यायचं, "आबा, ह्याला हितंच ठेवू न्हवं?" अन् कृष्णातचं नुसतं "हं". मिजास बघा. लालासाहेबाचा नुसता जळफळाट व्हायचा. समोर बसून त्यानं कृष्णातला भेकड म्हटलं, बापाचा उद्धार केला. कृष्णात हसला. त्या हसण्यानं लालासाहेबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्ष फिरलं. बाहत्तरवाला मेला.

"संपलास," म्हणत लालासाहेबानं फौज किल्ल्यात घातली. आत चिटपाखरू नव्हतं; म्हाताऱ्याला फौज दिलीच नव्हती.

"आमची पाळी, काका," शिवांजली म्हणाली. तो बाहेर गेला.

परत आला तेव्हा त्याच्या राजधानीवर परकं निशाण फडकत होतं. कृष्णातचा एक चोवीसवाला सरदार, ज्याच्याकडं त्यानं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, सगळी फौज घेऊन तिथं उभा होता.

लालासाहेबानं खिशातून वर्कशॉपच्या चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. राग कुठं गेला कुणास ठाऊक, त्याला एकदम भरून आलं.

"जिंकलास, गड्या. लय खोल डाव टाकलास," तो म्हणाला. "आता तरी बोल माझ्याशी."

कृष्णातनं त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं. मग बावरून लेकीकडं वळला.

"शिवा, ह्ये पाव्हणं कुठलं म्हनायचं गं?"