आठवडाभर आधीचा फोन

मिरजेच्या विश्राम माळवदे केटररनी इंटरनेटचा फोन घेतला आणि गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात करणार तो फोन त्यांच्याकडे आजच वाजू लागला. माल स्वस्तात भरता येई, धंदा दुप्पट झाला. शिवाय विश्रामरावांचा खरखरीत आवाज पलीकडे एखाद्या गोड बाईच्या आवाजात पोचायचा, तो फायदा वेगळाच.

त्या दुपारी फोन वाजला. "अगं, घरचंच काम आहे. तेराव्याचं जेवण सांगायचं होतं."

आवाज त्यांच्या बायकोचा, कुमुदिनीचा. आणि कुमुदिनी तर समोर बसून लसूण सोलत होती.

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं गोड करतात, म्हणून विश्रामरावांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "गेलेल्यांना गोडात काय आवडायचं?"

"ह्यांना ना, बासुंदी. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, पण आता काय त्याचं."

साखर तर विश्रामरावांचीच बंद होती. ही ऑर्डरच घेतली नाही, तर तेरावंही टळेल?

"त्या दिवशी आपली भट्टी बंद आहे, वहिनी," ते कसंबसं म्हणाले.

"बरं," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "मग समोरच्या बेडक्याळे केटररना सांगते. बासुंदी तशी त्यांचीच बरी असते."