चढू का, भाऊ?

खांबावर चढण्याआधी गावातला वायरमन हबीब बावीस वर्षं सबस्टेशनला फोन लावायचा. तिथले ऑपरेटर उत्तमराव लाइन बंद करायचे आणि म्हणायचे, "हाव, चढ." तेवढ्या शब्दावर तो तारेला हात घालायचा.

सोमवारी सबस्टेशन ऑटोमॅटिक झालं. नव्या यंत्राला हार घालून उत्तमराव निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी आलं नाही.

गुरुवारी दुपारी ते जेवायला बसले आणि डोक्यावरचा पंखा थांबला. मागोमाग हबीबचा फोन.

"उत्तमभाऊ, शाळेजवळच्या खांबावर सकाळपासून ठिणग्या उडून राह्यल्या. आता लाइन गेलीच हाये, तं जोड कसून घेतो. सबस्टेशनात फोन उचलायले कोणी नाही. चढू का?"

"मले काऊन इचारतं बे आता?"

"तुमी हाव म्हटल्याबिगर हात चालत नाही, भाऊ."

उत्तमरावांना बरं वाटलं. एकदा गेलेली लाइन तासाभराच्या आत आलेली त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"माह्या घरची बी गेली हाये. हाव, चढ."

भाकरी मोडताना त्यांना साहेबांचं सोमवारचं भाषण आठवलं. एकीकडची लाइन गेली, तर यंत्र पाच मिनिटांत दुसरीकडून आपोआप देईल. त्यावर पहिली टाळी उत्तमरावांनीच वाजवली होती.

त्यांनी उष्ट्या हातानं फोन लावला. रिंग जात राहिली. हबीब फोन खांबाखाली चपलेत ठेवून चढायचा.

डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

"बरं झालं बाई," भाजी वाढत त्यांची बायको शालूबाई म्हणाल्या, "आज लवकर आली."